सामान राखायला कुणालाही बसवू नका

जहाजाबद्दलची पत्रं आली की संपादक ती माझ्याकडे पाठवतात. माझा जन्म लालबागच्या चाळीतला, आता भांडुपला राहतो. २००५ ते २०१९ ही चौदा वर्षं मी कॅरिबियन समुद्रातल्या प्रवासी जहाजांवर हाऊसकीपिंगमध्ये काढली. सहा-सात महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, मग दोन महिने घरी, मग पुन्हा बॅग. मे महिन्याची तयारी लोक आतापासून करताहेत, त्यामुळे या वेळच्या पाचांपैकी चार पत्रं परदेशातल्या बेटांबद्दलची आहेत. पहिलं पत्र बरंच काही विचारणारं आहे, म्हणून त्याचं उत्तरही लांबलं आहे.

प्रश्न : माझी नणंद न्यू जर्सीला असते. तिने मे महिन्यात आम्हा सगळ्यांसाठी मायामीहून सुटणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझचं बुकिंग केलं आहे. एक दिवस नासाऊ आणि एक दिवस ‘कोकोके’ नावाचं कंपनीचं स्वतःचं बेट. आम्ही सहाजण आहोत : मी, नवरा, नणंद, अकरा वर्षांचा मुलगा, सासूबाई (६८, शुद्ध शाकाहारी, मांसाहाराचं भांडंही चालत नाही) आणि सासरे (७३, दोन्ही गुडघे दुखतात). बेटावर खर्च किती येतो? खायला काय मिळेल? सासऱ्यांना उतरवावं की जहाजावरच बसू द्यावं? ते स्वतः म्हणतात, ‘मी सामानापाशी बसेन, तुम्ही फिरा.’ नवरा म्हणतो, एवढ्या लांब जातोय तर सगळं करून घेऊ.
— मुलुंड पूर्व

उत्तर : ताई, सासऱ्यांना उतरवा. त्यांच्या त्या वाक्याबद्दल मला बरंच बोलायचं आहे, पण आधी बेट समजून घ्या.

‘के’ म्हणजे वाळूचं, प्रवाळाचं बुटकं बेट. बहामाच्या नकाशावर याचं नाव लिटल स्टिरप के, ‘कोकोके’ हे कंपनीने दिलेलं. शेजारच्याच ग्रेट स्टिरप केपासून ही रीत सुरू झाली. १९७७ साली एका नॉर्वेजियन कंपनीने ते घेतलं आणि जहाज कंपनीचं स्वतःचं बेट असू शकतं, हे इतरांच्या लक्षात आलं. मी कामाला लागलो तेव्हा कोकोकेला धक्का नव्हता. जहाज खोल पाण्यात थांबायचं आणि लोकांना टेंडर म्हणजे छोट्या बोटींतून किनाऱ्यावर न्यायचो. गेटवेला एलिफंटाच्या लाँचमध्ये चढताना कुणीतरी हात धरून ओढतो ना, तसंच. तेव्हा तुमच्या सासऱ्यांना उतरवा असं मी इतक्या सहज म्हटलं नसतं. माझ्या शेवटच्या वर्ष-दीड वर्षात तिथे पक्का धक्का झाला, २०१९ च्या मे महिन्यात नवं रूप खुलं झालं, आणि आता जहाजातून सरळ चालत उतरता येतं. धक्का लांब आहे, पण पुढे मोफत ट्राम फिरते. गुडघेवाल्यांनी ट्राममध्ये बसावं, ‘एवढंसं तर चालायचंय’ म्हणू नये. परतताना तेच अंतर दुप्पट वाटतं.

मऊ वाळूत पाय रुततो आणि गुडघ्याला खरा त्रास तिथे होतो. त्यासाठी मोठ्या फुगीर चाकांची खुर्ची मिळते. ती वाळूत चालते, भाडं नसतं, पण संख्या थोडी असते. उतरल्या उतरल्या मागा. आदल्या रात्री गेस्ट सर्व्हिसेसच्या टेबलावर विचारून ठेवलंत तर आणखी बरं.

आता वेळ. जहाज साधारण सकाळी सात-आठला लागतं आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला सुटतं. सुटण्याच्या किमान अर्धा तास आधी चढायचं असतं. कागदावर नऊ तास दिसतात. पण निवांत नाश्ता करून, लिफ्टच्या रांगेत उभं राहून, अर्ध्या वाटेत गॉगल विसरल्याचं आठवून केबिनमध्ये परत जाणारं कुटुंब अकराला वाळूवर पोचतं. तोवर जवळच्या किनाऱ्याच्या सावलीतल्या सगळ्या खुर्च्या भरलेल्या असतात आणि ऊन डोक्यावर आलेलं असतं. साडेआठच्या आत उतरलात तर किनारा जवळजवळ तुमचाच असतो. आम्ही टॉवेलचे गठ्ठे घेऊन सहा-साडेसहाला कामाला लागायचो, म्हणून त्या वेळचं पाणी मला माहीत आहे. हलतसुद्धा नसतं. नंतर आलात आणि गर्दी दिसली तर तिथेच जागा शोधत बसू नका. ट्रामने पुढच्या, लांबच्या किनाऱ्यावर जा. बहुतेक लोक पहिल्या किनाऱ्यावरच थांबतात.

पैशांचं थोडक्यात सांगतो. किनारा, खुर्च्या, छत्र्या, लाइफ जॅकेट, दुपारचं जेवण, ट्राम, लहान मुलांचं पाणखेळाचं जहाज आणि गोड्या पाण्याचा प्रचंड मोठा पूल हे सगळं मोफत. वॉटर पार्क, झिप लाइन, दोरीला बांधलेला हेलियमचा फुगा, स्नॉर्कलिंगचं सामान, खासगी झोपडी म्हणजे कबाना, केवळ प्रौढांसाठीचा किनारा यांना पैसे पडतात. दर रोज बदलतात, म्हणून इथे आकडा देत नाही. पण हे पक्कं की घरून कंपनीच्या वेबसाइटवर आधी घेतलेलं बहुतेक वेळा जहाजावर घेण्यापेक्षा स्वस्त पडतं, आणि दर उतरला तर जुनं रद्द करून नव्याने घेता येतं.

तुमच्या यजमानांना सांगा, सगळं करून घ्यायचा दिवस नाही हा. वॉटर पार्क अर्धा दिवस खातो. एकच गोष्ट विकत घ्या आणि ती मुलासाठी घ्या. तिथली सर्वांत उंच घसरगुंडी १३५ फूट आहे, म्हणजे आपल्या गेटवेच्या दीडपटीहून उंच. अकरा वर्षांचा मुलगा वर जाऊन खाली बघेल तेव्हा त्याचा चेहरा बघायला खाली कुणीतरी उभं असू दे. मोठ्या घसरगुंड्यांना उंचीची अट असते, ती आधी वाचून मुलाला घरीच भिंतीपाशी उभं करून मोजा. तिथे रांगेच्या टोकाला जाऊन परत फिरलेली आणि रडणारी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. फुगा ४५० फुटांपर्यंत जातो, राजाबाई टॉवरहून बराच वर, पण वारा असला की बंद. त्यावर दिवसाची आखणी करू नका.

सासूबाईंचं जेवण. बेटावरचं जेवण म्हणजे शेगडीवरचं : बर्गर, चिकन, टाको, फ्रेंच फ्राइज, सॅलड, कापलेली फळं. शाकाहारी बर्गर मिळतो, पण बहुतेक वेळा त्याच जाळीवर भाजलेला असतो. ‘भांडंही चालत नाही’ म्हणणाऱ्या माणसाने तो खाऊ नये. त्यांच्यासाठी सोपा मार्ग आहे. जहाज धक्क्याला लागलेलं असतं आणि वरचा बुफे त्या दिवशीही चालू असतो. वेळ थोडी कमी असते एवढंच, आदल्या रात्री बघून ठेवा. सगळं जहाज खाली उतरलेलं असताना तिथे कमालीची शांतता असते. सासूबाईंनी बाराच्या सुमाराला ट्रामने परत यावं, गार हवेत बसून जेवावं, हवं तर अर्धा तास पडावं आणि तीन वाजता पुन्हा खाली यावं. कितीही वेळा चढता-उतरता येतं, फक्त कार्ड दाखवायचं. पहिल्याच रात्री डायनिंग रूममध्ये हेड वेटरला गाठून भांड्याचं सांगा. आपल्याकडची मुलं जहाजावरच्या स्वयंपाकघरात पुष्कळ असतात. डाळ-भात वेगळ्या भांड्यात करून देताना त्यांना स्वतःच्या आईची आठवण होते, हे मी पाहिलेलं आहे.

घरून नेलेल्या खाण्याबद्दल : कारखान्यात बंद केलेली, न फोडलेली कोरडी पाकिटं चालतात. घरचा डबा, चिवड्याची गाठ मारलेली पिशवी अडवली जाते. बुफेतलं फळ किंवा सँडविच घेऊनही बेटावर उतरू देत नाहीत. आणि अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच आहे ना, ते आजच बघा, कारण परत मायामीला उतरणं म्हणजे नव्याने प्रवेश. बहामाला वेगळं काही लागतं का, हेही कंपनीला ई-मेल करून लेखी उत्तर घ्या, एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नका.

कपडे. समुद्रात सासूबाई पंजाबी ड्रेस घालून गेल्या तरी कुणी काही म्हणत नाही. सुती मात्र नको. ते पाणी पितं, जड होतं, पायाला चिकटतं आणि माणूस पडतो. नायलॉनचा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि लेगिंग सर्वांत चांगलं, उन्हापासूनही वाचवतं. घसरगुंडीवर आणि पूलमध्ये पोहण्याचेच कपडे लागतात, चेन किंवा धातूची बटणं असलेले चालत नाहीत. उन्हाबद्दल मुंबईकराला काय सांगायचं, असं वाटेल. मुंबई १९ अंशांवर आणि हे बेट त्याहून बरंच उत्तरेला, २६ अंशांच्या जवळ. पण तिथली वाळू शंख-प्रवाळाच्या चुऱ्याची, पांढरी. आपल्या जुहूच्या वाळूसारखी ती तापत नाही, उलट ऊन वर फेकते. पायाला गार लागतं म्हणून लोक निर्धास्त होतात आणि छत्रीखाली बसूनही हनुवटीखाली, कानामागे भाजतात. सनस्क्रीन निघण्याआधी केबिनमध्ये लावा, दोन तासांनी पुन्हा लावा, सासऱ्यांच्या टकलावर आणि पावलांवरसुद्धा.

आता त्यांचं वाक्य. ‘मी सामानापाशी बसेन.’

२०१४ साली मी आई-बाबांना जहाजावर आणलं होतं. आम्हाला घरच्यांसाठी सवलतीत तिकीट मिळायचं. बाबा आधी गिरणीत होते, ब्याऐंशीच्या संपानंतर वॉचमन. आयुष्यभर दुसऱ्याच्या दाराशी बसलेला माणूस. बेटावर उतरले तेव्हा त्यांच्या हातात दोन पिशव्या होत्या. मी टॉवेलच्या काउंटरवर ड्युटीला होतो, तिथून ते मला दिसत होते. आई माझ्या एका सहकाऱ्याच्या बायकोचा हात धरून पाण्यात शिरली. पहिल्यांदा किंचाळली, मग गुडघाभर पाण्यात मांडी घालून बसली आणि उठेचना. बाबा नारळाच्या झाडाखाली खुर्चीवर, बूट-मोजे घालून, दोन्ही पिशव्यांचे बंद मनगटाला गुंडाळून बसले होते. चार तास. पाण्यापासून तीस पावलांवर. दोन वेळा मी हात करून जा म्हटलं, त्यांनी पिशव्यांकडे बोट दाखवलं.

त्या पिशव्यांत काय होतं ते मी रात्री पाहिलं. तिघांचे पासपोर्ट, आईच्या बांगड्या, औषधं, बाकरवडीचं पाकीट, कोरडा पंचा आणि परतीच्या विमानाच्या तिकिटांच्या झेरॉक्स. यातली एकही वस्तू बेटावर लागत नाही. मी तेव्हा नऊ वर्षं तिथे काम करणारा, रोज शेकडो लोकांना टॉवेल देणारा, आणि माझ्याच बापाला आदल्या रात्री एवढं सांगायचं सुचलं नाही की बाबा, हे सगळं केबिनच्या तिजोरीत ठेवा. संध्याकाळी विचारलं, पाय तरी भिजवलेत का? म्हणाले, ‘पुढच्या वेळी.’ २०१६ मध्ये ते गेले.

त्यानंतर बेटावर आपल्याकडचं कुटुंब दिसलं की मी आधी सामानापाशी कोण बसलंय ते बघायचो. कुणीतरी असायचंच. बहुतेक वेळा सर्वांत वयस्कर पुरुष, नाहीतर सर्वांत धाकटी सून. त्यांना विचारलं तर म्हणायचे, आम्हाला काही हौस नाही. ते मला खरं वाटत नाही.

म्हणून ताई, आदल्या रात्री तुम्ही स्वतः पिशवी भरा. सहाजणांचे पासपोर्ट, दागिने, जास्तीचे पैसे, तिकिटं तिजोरीत. बेटावर फक्त जहाजाचं कार्ड, ते गळ्यातल्या प्लॅस्टिकच्या पाकिटात. दुपारच्या गोळ्या, सनस्क्रीन, टोप्या, पाण्याच्या बाटल्या, चष्म्याचं घर. हस्तकलेच्या दुकानांतून बहामी बायकांनी विणलेली टोपली किंवा हॅट घ्यायची असेल तर थोडे सुटे डॉलर, कारण तिथे जहाजाचं कार्ड चालत नाही. बहामाचा डॉलर आणि अमेरिकेचा डॉलर सारख्याच किमतीचे, बदलून घ्यायची गरज नाही. मोबाइल एकच न्या. टॉवेल जहाजाचे असतात, तुमच्या नावावर लिहिलेले, हरवला तर पैसे लागतात, पण कुणी चोरत नाही. बेटावर तुमच्या जहाजाचे प्रवासी आणि कर्मचारी सोडून फारसं कुणी नसतं, कधी जास्तीत जास्त आणखी एका जहाजाचे लोक. मोबाइलची धास्ती वाटत असेल तर लॉकर भाड्याने मिळतो. बाकीची पिशवी खुर्चीवर टाका, वर टॉवेल घाला आणि सहाच्या सहाजण पाण्यात जा.

सासरे नाही म्हणतील. तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नका. नातवाला सांगा, आजोबांचे बूट काढ.

प्रश्न : गेल्या जानेवारीत आम्ही फ्लोरिडाहून क्रूझ घेतली, मुख्य आकर्षण खासगी बेट हेच होतं. सकाळी उठलो तर कॅप्टनची घोषणा, वाऱ्यामुळे थांबणार नाही. आकाश निळं होतं! पूर्ण दिवस समुद्रात गेला. एजंट म्हणतो काही मिळणार नाही. ही फसवणूक नाही का?
— ठाकूरद्वार

उत्तर : तुमचा राग समजतो, पण ही फसवणूक नाही. निळं आकाश आणि वारा यांचा संबंध नाही. हिवाळ्यात उत्तर अमेरिकेतली थंड हवा फ्लोरिडावरून खाली घसरते. पाऊस पडून जातो, आकाश स्वच्छ होतं आणि मागून उत्तरेचा जोरदार वारा सुटतो. ती बेटं बुटकी, आडोसा नाही. मोठं जहाज म्हणजे पाण्यावर उभी केलेली पंधरा-सोळा मजल्यांची भिंत, ती वाऱ्यात शिडासारखी ढकलली जाते. धक्क्याला लागताना एक झोत चुकला तर धक्काही जातो आणि जहाजही. टेंडर चालवायची तर लाटेमुळे प्रवाशाचा पाय बोट आणि दार यांच्यात सापडतो. एक बाई थोडक्यात वाचलेल्या मी पाहिल्या आहेत. असा निर्णय कॅप्टन पहाटे घेतो, आणि तो घेताना त्याला ऑफिसचं नाही, वाऱ्याचं ऐकावं लागतं.

पैशांचं : तिकिटाच्या करारात मार्ग बदलण्याचा हक्क कंपनीने राखलेला असतो, त्यामुळे भाडं परत मिळत नाही. पण त्या बंदराचे कर आणि शुल्क माणशी परत जमा होतात, बहुतेक तुमच्या जहाजावरच्या खात्यात. बेटावरचं जे काही कंपनीकडून आधी घेतलं असेल त्याचे पूर्ण पैसे परत मिळतात. शेवटच्या रात्रीचं बिल काढून त्यात ही जमा दिसते का बघा. एजंटला न विचारताही हे कळेल. प्रवास विम्याच्या पॉलिसीत बंदर चुकल्याची भरपाई लिहिलेली असते का, तेही वाचा.

पुन्हा जाणार असाल तर एप्रिल-मे निवडा. आपल्या शाळांच्या सुट्टीला समुद्र शांत असतो, पाणीही कोमट. वादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, म्हणजे दिवाळीची सुट्टी त्याच्या शेपटात येते.

प्रश्न : अमेरिकेपर्यंत जाणं परवडत नाही. मुंबईहून जहाजाने लक्षद्वीपला जाता येतं म्हणे. तेही खासगी बेटासारखंच का? दिवस कसा घालवावा?
— बोरिवली

उत्तर : समुद्र तसाच, किंबहुना माझ्या मते जास्त सुंदर. पण बेट खासगी नाही, आणि हा फरक मनात पक्का धरून उतरा. लक्षद्वीपच्या ३६ बेटांपैकी १० बेटांवर वस्ती आहे आणि सगळी मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर. तुम्ही कुणाच्या तरी गावात पाहुणे म्हणून जाता. किनाऱ्यावर मुलं शाळेतून घरी येत असतात, बायका नारळ वाळवत असतात. लोक मुस्लिम आहेत, अंगभर कपडे घालून गावातून चाला, फोटोआधी विचारा. बंगाराम सोडून सगळीकडे दारूबंदी आहे, बॅगेत बाटली ठेवू नका. बाहेरच्या प्रत्येकाला प्रवेश परवाना लागतो. तो कंपनी काढून देणार का आणि त्यासाठी कागद किती दिवस आधी द्यायचे, हे पैसे भरण्यापूर्वी विचारा.

मोठं जहाज बाहेर उभं राहतं आणि छोट्या बोटीने आत जावं लागतं. त्या जाण्या-येण्यात वेळ मोडतो, म्हणून पहिल्या बोटीचं टोकन मिळवायचा प्रयत्न करा. प्रवाळाच्या कड्याच्या आतलं पाणी, ज्याला लगून म्हणतात, ते इतकं नितळ की बोटीतूनच मासे दिसतात. मुंबईहून जाताना पोहण्याचा साधा मास्क घेऊन जा, तिथे भाड्याच्या मास्कची रांग लागते. प्रवाळावर उभं राहू नका. आणि तुकडा सुंदर दिसला तरी उचलू नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. आमच्या चाळीत एकांकडे शोकेसमध्ये पांढरं प्रवाळ होतं, लहानपणी मला ते दगडाचं फूल वाटायचं. जिवंत पाहिल्यावर कळलं की त्याला रंग असतो.

प्रश्न : बेटावर मोबाइलचं घड्याळ आणि जहाजाचं घड्याळ वेगळं दाखवतं का? मैत्रिणीची फार धावपळ झाली म्हणे.
— विलेपार्ले

उत्तर : बहामात सहसा नाही, तिथली वेळ आणि मायामीची वेळ एकच. पण बेलीझमध्ये हार्वेस्ट के नावाचं असंच कंपनीचं बेट आहे. बेलीझ उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, त्यामुळे तेव्हा मायामीपेक्षा दोन तास मागे असतं. जहाज कुठली वेळ पाळणार ते आदल्या संध्याकाळच्या पत्रकात छापलेलं असतं. मोबाइल विमान मोडवर ठेवा, नाहीतर समुद्रातल्या नेटवर्कचं बिल घाम फोडतं. मनगटावर साधं काट्याचं घड्याळ बांधा आणि ते जहाजात चढल्याबरोबर लॉबीतल्या घड्याळाशी जुळवा.

प्रश्न : मी ७० वर्षांची आहे. मुलगी आणि जावई मला अशा एका बेटावर नेणार आहेत. मला पोहता येत नाही. लहानपणी जुहूला लाटेने पाडलं होतं, नाकातोंडात पाणी गेलं, तेव्हापासून मी चौपाटीवर लांबूनच समुद्र बघते. मी जहाजावर पुस्तक वाचत बसले तर काय बिघडलं? मुलगी ऐकत नाही.
— दादर

उत्तर : मावशी, काहीच बिघडत नाही. त्या दिवशीचं रिकामं जहाज मला स्वतःला फार आवडायचं. वरच्या डेकवर सावलीची खुर्ची मिळते, चहा मिळतो, बेट संपूर्ण दिसतं. तुमचं मन तसं असेल तर मुलीला हे उत्तर दाखवा आणि खुशाल वाचा.

पण तुम्ही पत्र लिहिलंत, म्हणजे थोडं मन आहे, असं मला वाटतं. तर तो समुद्र जुहूचा नाही, एवढं सांगतो. मुंबईत मोठ्या उधाणाला भरती आणि ओहोटीत पाच मीटरपर्यंत फरक पडतो, बहामात तो जेमतेम मीटरभर. पाणी गढूळ नाही, कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं तरी पायाची बोटं दिसतात, त्यामुळे पुढचं पाऊल कुठे पडणार ते कळतं. बहुतेक बेटांवर आंघोळीचा किनारा आडोशाच्या बाजूला असतो, तिथे लाट येते ती आपल्या घोट्याएवढी. लाइफगार्ड उंच खुर्चीवर बसलेले असतात. मुलीला सांगून त्यांच्या जवळची जागा घ्या.

सकाळी लवकर जा, दहाच्या आत. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि ते कोरड्या वाळूवरच घालून पट्टे घट्ट करा, पाण्यात नाही. पायात मागे पट्टा असलेली रबरी चप्पल ठेवा, कारण मधेच खडक लागतो. वाळूत पाऊल उचलून टाकू नका, घासत घासत पुढे जा, म्हणजे तळाशी वाळूत लपलेला एखादा वाघळी मासा असला तर तो आधीच निघून जातो. घोटाभर पाण्यात आधी पाच मिनिटं नुसत्या उभ्या राहा. मग मुलीने एका बाजूला आणि जावयांनी दुसऱ्या बाजूला हात धरावा, आणि गुडघाभर पाण्यात खाली बसा, तोंड समुद्राकडे करून. समुद्राकडे पाठ करून बसायचं नाही. खारं पाणी तुम्हाला हलकं करून वर उचलतं, गुडघ्यांवरचा भार उतरतो, तेव्हा पहिल्यांदा दचकायला होतं. तसं झालं की दोघांचे हात सोडू नका आणि पाय लांब करा.

डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर हे सगळं विसरा. तेव्हा पाणी २३-२४ अंशांच्या आसपास असतं, तुमच्या वयाला ते गार लागेल. घोटे भिजवा आणि वर येऊन वाचा. मे महिन्यात मात्र बसता येईल. चष्मा आणि पुस्तक खुर्चीवर टॉवेलखाली ठेवा. खुर्ची मात्र पाण्यापासून दहा पावलं वर ओढून घ्या, कारण भरती छोटी असली तरी येतेच, आणि तुम्हाला उठायची घाई नको.